डबी त्याची, पिशवी तिची

आमच्या चर्चमध्ये माझ्या थोरल्या बहिणीशी सगळे ओरडून बोलतात. पाद्रीबाबा तर तिचा हात धरून, तोंड कानाशी नेऊन, ‘देव तुझं भलं करो, ओझेल’ असं म्हणतात की मागच्या बाकावर झोपलेलं पोर दचकून उठतं. ओझेल मान डोलावते. मग घरी येते, स्वयंपाकघरात टोपी काढून ठेवते आणि मला म्हणते, विलोडीन, तुझ्या खुराड्यात काहीतरी शिरलंय, जा बघ. माझं खुराडं रस्त्याच्या पलीकडे आहे. मी धावत जाते तर खरंच साप असतो.

म्हणजे माझी बहीण बहिरी नाही. ती बहिरी कशी ठरली ते मला कुणीतरी विचारावं म्हणून मी कधीची वाट बघतेय. कुणी विचारत नाही. तेव्हा न विचारताच सांगते, कारण मला त्याचा राग येतो आणि राग पोटात ठेवून माझं पित्त वाढतं.

तिच्या नवऱ्याचं नाव ड्युरवुड. ताईचा नवरा म्हणजे भाऊजी, पण भाऊजी म्हणवून घ्यायला माणूस तसा वागावा लागतो. वाईट माणूस होता असं नाही. दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, आरागिरणीत जन्मभर ओंडके कापले आणि दोन्ही पोरी शिकवून मोठ्या शहरात धाडल्या. गावात विचाराल तर सोन्यासारखा माणूस म्हणतील. सोन्यासारख्या माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही, हीच तर गोम आहे.

टॉमबिगबी नदीच्या या पाणथळ भागात आमच्याकडे मिठाच्या बाटलीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात, नाहीतर मीठ खडा होऊन बसतं. कपाटातल्या बुटांवर हिरवी बुरशी येते. प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं फुगतात. दारं उन्हाळ्यात लागत नाहीत आणि लागली तर उघडत नाहीत. अशा हवेत लाकडाची वस्तू कोरडी ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी भरण्यातला प्रकार. आणि ड्युरवुडचा सगळा जीव होता एका लाकडी डबीत.

ही डबी म्हणजे वसंतातल्या शिकारीत रानटर्कीच्या नराला हाक मारायची डबी. हातात मावेल अशी लांबट, वर एक सैल झाकण, झाकणाला दांडी. झाकणाच्या पोटाला खडू फासायचा आणि ते डबीच्या पातळ काठावर हळूच ओढायचं, की अस्सल मादीचा आवाज निघतो. ड्युरवुडने ती लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात स्वतः केली होती. बाजू वीज पडलेल्या देवदाराच्या, झाकण मोडक्या पलंगाच्या अक्रोडाचं. बाजू इतक्या तासल्या होत्या की कंदिलापुढे धरल्या तर उजेड आरपार लाल दिसायचा. चर्चच्या जेवणावळीत त्याने ती वाजवली तेव्हा ओझेल वाढत होती. तिच्या हातातलं बटाट्याचं भांडं तसंच राहिलं. तिने तिथेच त्याला विचारलं, की याला उत्तर येतं ते ऐकायला मला नेशील का. तो म्हणाला, पुढच्या वसंतात नक्की. मी साक्षीदार आहे. मी त्याच बाकावर बसून कोंबडीची तंगडी खात होते.

टर्कीच्या जातीत नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. तो झाडाखाली शेपटीचा पंखा उघडून, छाती फुगवून उभा राहणार, आणि बाईसाहेब चिखल तुडवत त्याच्यापर्यंत पोचणार. डबीचं कौतुक एवढंच, की तिच्या लाडीगोडीला भुलून तो आपला रुबाब सोडतो आणि स्वतः निघतो. ओझेलला ते बघायचं होतं. ओसरीवरून लांबचे नर आम्हा सगळ्यांनाच ऐकू येतात, त्यात काही नाही. तिला झाडाला टेकून नवऱ्याच्या शेजारी बसायचं होतं, आणि डबी बोलली की कुणीतरी चालत येतं, ते डोळ्यांनी बघायचं होतं. आयुष्यात तिने मागितलेली ही एकच गोष्ट, आणि त्यासाठी एक दमडीही लागत नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात ड्युरवुड डबी कोटाच्या खिशात घेऊन पावसात गेला. लाकूड फुगलं, खडूचा चिखल झाला, आणि डबी बेडकासारखी आवाज करायला लागली. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला, जेवला नाही. त्या दिवसापासून डबी ओझेलच्या ताब्यात गेली. म्हणजे मालकी त्याची आणि बडदास्त हिची.

आधी ती मेणकागदात गुंडाळायची. मग दुकानात प्लास्टिकच्या पिशवीतला पाव यायला लागला, आणि ओझेलने तो घेतला. आमच्याकडे तेव्हा विकतचा पाव घेणं म्हणजे बाई आळशी असल्याची दवंडी. ओझेलचे ताकातले पाव तर असे की पाद्रीबाबा प्रवचन आवरतं घ्यायचे. तिला पाव नको होता, पिशवी हवी होती. पाव माझ्या कोंबड्यांना घालायची. पिशवी उलटी करून चुरा झटकायची, कारण चुऱ्याला ओल धरते आणि उंदीर येतात. मग ती दोरीवर वाळवायची, पुन्हा सुलटी करायची, आणि डबी आत सरकवून तोंडाला पीळ द्यायची. सोबत थोरल्या पोरीच्या तान्हेपणीचा पायमोजा, त्यात तव्यावर भाजलेले तांदूळ. दर आठवड्याला तांदूळ पुन्हा भाजायचे. चुलीच्या धुराड्याशेजारी तिने एक फळी मारून घेतली होती, तिथे पिशवी ठेवायची. फार जवळ नाही, नाहीतर लाकूड तडकतं. वरच्या वस्तीतल्या एका बाईने नवऱ्याची डबी गरम राहावी म्हणून भट्टीत ठेवली आणि विसरून त्यातच मक्याची भाकर भाजायला घातली. तो नवरा ईस्टरपर्यंत तिच्याशी बोलला नव्हता. आम्ही सगळ्या हसलो. ओझेल हसली नाही, तिने फळी आणखी वीतभर लांब सरकवली.

झाकणाच्या पोटाला बोट लावायचं नाही. बोटाला चरबी असते, लोणी असतं, नुसतं घामाचं तेल असलं तरी लाकूड मुकं होतं. माझ्या बहिणीचे हात दिवसभर पिठात आणि चरबीत. ती साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, एप्रनला न पुसता हवेत वाळवायची, आणि मग डबीला शिवायची. पोरींना तिने इतक्या नाजूक हातांनी कधी उचललं असेल असं मला वाटत नाही.

आणि दर वसंतात पुढच्या वर्षी. एकदा ती गरोदर होती. एकदा पोर तान्ही होती. एकदा नदी चढली होती. एकदा तिला खोकला होता, खोकल्याने पाखरं उडतात. एकदा म्हणे बायकांच्या साबणाचा वास येतो. टर्कीला वास येत नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी एकदा चिडून म्हटलं की चल, मी नेते तुला, माझ्या नवऱ्याची बंदूक आहे, आणि नसली तरी काय, आपल्याला मारायचं थोडंच आहे. ती म्हणाली, “तू नेलंस तर ते तुझं नेणं झालं, विलोडीन. मला त्याने न्यायला हवं.”

मी माझी टोपली उचलून घरी गेले.

आरागिरणीने ड्युरवुडचे कान खाल्ले. आधी रातकिडे गेले, मग फोनची घंटा, मग पोरींचे आवाज. जाडे आवाज त्याला यायचे, ट्रक ऐकू यायचा, ढग ऐकू यायचे, पण बारीक आवाज गेले ते गेले. डबीच्या हाकेची सुरुवातच बारीक असते, नंतर ती जाड होते. म्हणजे त्याला आपल्याच डबीची शेपटी तेवढी ऐकू यायची. तेव्हा त्यांच्या घरात एक रिवाज पडला. पहाटे निघताना तो स्वयंपाकघरात उभा राहायचा, पिशवीतून डबी काढायचा, झाकण एकदा ओढायचा आणि ओझेलच्या तोंडाकडे बघायचा.

“बोलतेय?”

“बोलतेय,” ती म्हणायची, आणि तो निघायचा. कधी ती म्हणायची, जरा घोगरी आहे, थांब. मग चुलीशी धरून, नवा खडू फासून द्यायची. त्याचे कान ती होती, आणि ते कान घरीच सोडून पहाटेच्या काळोखात झाडाखाली जाऊन बसायला त्याला काही वाटत नव्हतं.

तो गिरणीतून निवृत्त झाला त्या वर्षी मात्र त्याने स्वतःहून विषय काढला. म्हणाला, आता कसली घाई नाही, या शनिवारी तुला नेतो. ओझेलने त्याचा जुना कोट उसवून आपल्या मापाचा केला. बूट माझे घेतले, पुढे कागद कोंबून. ओसरीच्या पायरीवर टेकून हालचाल न करता बसायचा सराव करताना मी तिला पाहिलं. डास चावत होते आणि ही बाई डोळ्याची पापणी हलवत नव्हती. मला हसू आलं, आणि मग मी हसायची थांबले.

शुक्रवारी संध्याकाळी ड्युरवुडच्या भावाचा मुलगा लँडिस मोबील शहरातून आला. चाळिशीचा गडी, नवा ट्रक, नवी बंदूक, शिकारीचे, झाडाच्या पानांच्या छापाचे नवे कपडे. मी पीचचा गोड पदार्थ घेऊन गेले होते म्हणून टेबलाशीच होते. लँडिसने टर्कीलाच हाक मारायची, तोंडात ठेवायची पातळ पडद्याची शिट्टी काढून दाखवली. म्हणाला, काका, तुमच्या डबीला पिशवी काय, तांदूळ काय, बाळंतिणीची निगा. ही माझी थुंकीतच असते, हिला पावसाचं काय. मग त्याने विचारलं की तुम्ही बसता ते ओकचं मोठं झाड उद्या दाखवाल ना. त्या झाडाच्या दोन मुळांमध्ये दोघांपुरतीच बसायला जागा आहे.

ड्युरवुडने थाळीकडे बघत म्हटलं, “दाखवतो की. तू एवढ्या लांबून आलास. ओझेल काय, इथेच असते.”

मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “अजून एक पाव घे, लँडिस.”

एवढंच. तिने आदळआपट केली असती, रडली असती, तर मी तिच्या बाजूने उठून त्या दोघांना धुवून काढलं असतं. पण ती पाव वाढत राहिली आणि लँडिस काकवीत बुडवून खात राहिला.

भांडी घासून झाल्यावर तिने पिशवी फळीवरून काढली, पीळ सोडला, डबी बाहेर घेतली आणि मागच्या ओसरीच्या कठड्यावर, ओली फडकी वाळत टाकतो तिथे, उघडी ठेवून दिली. नदीवरून धुकं येत होतं. आमच्याकडचं वसंतातलं धुकं तासाभरात कपडे पिळायला लावतं, आणि डबी पहाटेपर्यंत बाहेर होती. पहाटे तिने ती आत घेतली, वरवर पुसली, पिशवीत घातली आणि पिशवी फळीवर ठेवली. हे सगळं तिने मला त्याच दिवशी दुपारी माझ्या मागच्या पायरीवर बसून सांगितलं, म्हणून मला माहीत.

ड्युरवुड कॉफी पिऊन उठला. लँडिस ट्रक सुरू करायला गेला होता. ड्युरवुडने डबी काढली, हातात धरली, जरा वेळ तशीच धरून उभा राहिला. मग झाकण ओढलं. ओझेल म्हणते, ओल्या बुटाने फरशी पुसावी तसा आवाज आला. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं.

“बोलतेय?”

“बोलतेय,” ओझेल म्हणाली.

तो गेला.

दुपारपर्यंत लँडिस खांद्यावर नर टाकून परत आला. छातीवरचा केसांचा झुबका हातभर लोंबत होता. जेवताना त्याचीच कथा. नर टेकडीवरून ओरडत होता, काका डबी घासत बसले होते, बेडूक पायाखाली सापडल्यासारखी ती कण्हत होती, आणि काकांचा चेहरा असा की जणू चर्चमध्ये ऑर्गन वाजवतायत. शेवटी मी म्हटलं काका, राहू द्या, ही बोलत नाहीये, आणि माझी शिट्टी काढली. तो हसला. वाईट मनाने नाही हसला. लँडिसला मनच फारसं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही.

ड्युरवुड मका खात होता. तो मान वर न करता म्हणाला, की निघताना ओझेलला विचारलं होतं, ती बोलतेय म्हणाली. सगळ्यांनी ओझेलकडे बघितलं. मग तो हळहळून म्हणाला, “कान गेले बिचारीचे. माझ्यासारखेच.”

रविवारी ते चर्चभर झालं. सोमवारी दुकानदाराने तिला पिठाचा भाव ओरडून सांगितला. लोक दोन्ही हात तोंडाशी धरून तिला आपली दुखणी सांगायला लागले. गायनात ती पहिल्या रांगेत उभी राहायची, तिला प्रेमाने मागे बसवलं. आणि नवरा, जो घरात कधी आवाज चढवत नसे, तो चारचौघांत तिच्या कानाशी ओरडायला लागला की ओझेल, चल, घरी जायचंय.

मी म्हटलं, ताई, जाऊन सांग सगळ्यांना की तुझे कान ठणठणीत आहेत.

“आणि मग?” ती म्हणाली. “कान ठीक होते, मन खराब होतं, असं सांगू?”

तिचं तोंड बंद, आणि ते बंद करणारा कोण, तर तीच. आपल्या गळ्यात घंटा तिने आपल्याच हाताने बांधून घेतली होती. खरं बोलली तर नवऱ्याला मुद्दाम तोंडघशी पाडणारी बायको ठरणार, खोटं निभावलं तर बहिरी. तिने बहिरेपण घेतलं. बसून सराव केला होता ना, हालचाल न करता. तो असा कामी आला.

ड्युरवुड पुन्हा जंगलात गेला नाही. लोक म्हणाले, बायकोचे कान गेल्यावर त्याचं मनच उडालं, काय प्रेम बघा. त्याने तिला पुन्हा कधी ‘बोलतेय?’ विचारलं नाही. तो उसवून शिवलेला कोट तिने थंडीत पाण्याच्या पंपावर पांघरला, पंप फुटू नये म्हणून. पण दर आठवड्याला ती तांदूळ भाजायचीच. पिशवीचा पीळ सोडायची, डबी काढायची, बघायची, परत ठेवायची. मी विचारलं, कुणासाठी करतेस गं. म्हणाली, सवय. मला वाटलं प्रायश्चित्त आहे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती वाट बघत होती. दर फेब्रुवारीच्या अखेरीला ती नवा खडू आणून फळीवर ठेवायची, आणि एप्रिल संपला की उचलून पोरींच्या जुन्या दप्तरात टाकायची. त्या दप्तरात कितीतरी कोरे खडू साठले होते.

मग ड्युरवुडच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. पोरी आल्या, रडल्या, त्यांची कामं होती, परत गेल्या. मी रस्सा घेऊन रोज जायचे. बहिऱ्या माणसाचं मरणही मोठ्या आवाजात होतं, घरभर ऐकू येतं. एका दुपारी त्याने डबी मागितली. ओझेलने हात धुतले, हवेत वाळवले, पिशवीचा पीळ सोडला आणि डबी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती वाजवली नाही. लाकूड कापणारे लोक फळी हातात घेऊन तोलतात तशी ती तोलली.

“कोरडी आहे,” तो म्हणाला.

ओझेल चादरीची घडी घालत होती.

“त्या दिवशी नव्हती,” तो म्हणाला. “हातात घेतली तेव्हाच कळलं. जड लागली.”

मी रश्श्याचं भांडं घेऊन दारात उभी होते. मला एकदम लख्ख कळलं. ज्या माणसाने जन्मभर ओंडके हाताळले, ज्याने त्या बाजू स्वतः तासल्या, त्याला ओल ओळखायला कानाची गरज काय. त्याने पहाटे डबी हातात घेतली तेव्हाच त्याला सगळं समजलं होतं, आणि समजून उमजून त्याने तिला विचारलं होतं.

ओझेलने घडी अर्धवट सोडली. “मग मला विचारलंस कशाला?” त्याला ऐकू गेलं नाही. ती वाकून मोठ्याने म्हणाली, “विचारलंस कशाला मग?”

“बघायचं होतं काय म्हणतेस.”

“आणि तशीच घेऊन गेलास?”

“तू बोलतेय म्हणालीस ना.”

चेहऱ्यावर त्याच्या राग नव्हता. उलट थोडं समाधानच होतं, हिशेब चुकता करून बसलेल्या माणसाचं. तिने त्याला लँडिससमोर मुका केला, त्याने तिला गावासमोर बहिरी केली, आणि दोघांनी एका छताखाली ते पाळलं. ओझेलने चादर पलंगाच्या कडेला टाकली. मग म्हणाली, “म्हणजे मी का केलं तेही कळलं होतं तुला.”

“हो.”

“मग पुढच्या वर्षी का नाही नेलंस?”

त्याने हात कानामागे धरला. “काय?”

खरंच ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, देव जाणे. मला वाटत होतं, बाई, ओरड, पुन्हा विचार, खिडकीच्या काचा फुटतील अशी ओरड. ती पुन्हा वाकली नाही. तिने त्याच्या हातातून डबी घेतली, पिशवीत घातली, पीळ दिला आणि चादरीची घडी पुरी केली. त्यानंतर तो जितके दिवस होता तितके दिवस तिने त्याला पाणी दिलं, भरवलं, पुसलं. पण तो प्रश्न तिने परत विचारला नाही, आणि त्यानेही काय विचारलंस ते विचारलं नाही.

ऐन हंगामात गेला, मार्चच्या शेवटी. घर लोकांनी आणलेल्या ताटल्यांनी भरलं. लँडिस मोबीलहून आला, आणि शवपेटी ठेवली होती त्या खोलीत तिला गाठून तिच्या कानात ओरडला, “काकू! काकांची डबी! मला आठवण म्हणून द्याल का!”

“काठी?” ओझेल म्हणाली. “त्यांना काठी लागत नव्हती रे.”

“डबी! टर्कीची!”

“टर्की नाही, हॅम आहे. स्वयंपाकघरात. खाऊन घे.”

तो लाल होऊन बाजूला झाला. एवढ्या वर्षांत तिच्या बहिरेपणाचा तिला झालेला हा एकच फायदा.

लोक जेवायला गेल्यावर तिने हातपिशवीतून ती पावाची पिशवी काढली. मला वाटलं, पिशवीसकट ठेवणार. आमचं कब्रस्तान नदीजवळ आहे, वीतभर खणलं की पाणी लागतं. तिने पीळ सोडला, डबी काढली आणि त्याच्या हातांखाली उघडीच सरकवली. तांदळाचा पायमोजा आपल्या खिशात टाकला. पिशवीची चार पदरी घडी घातली.

“ताई, पिशवी?” मी म्हटलं. “खाली फार ओल असते.”

“पिशवी माझी आहे,” ती म्हणाली.

कब्रस्तानात धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. पाद्रीबाबांनी प्रार्थना संपवली आणि कुणीतरी शववाहिनीचं दार धाडकन लावलं. मोठा आवाज झाला की हंगामातला नर उत्तर देतोच, ढगांना देतो, दाराला देतो, त्याला काही पोच नसते. कुंपणापलीकडच्या झाडीतून, धोंडा मारला तर लागेल एवढ्या अंतरावरून, तो ओरडला. अंगावर काटा येईल असा. एकूणएक पुरुषाने मान वर केली, मयताची लाज सोडून. दोघा-तिघांच्या तोंडावर हसू आलं, ड्युरवुडला निरोप द्यायला आला म्हणाले.

ओझेलने मान वर केली नाही. मी तिच्या दंडाला धरून उभी होते, तिचा सगळा दंड दगडासारखा झाला होता. ती खालच्या मातीकडे बघत राहिली. गाव बघत होतं.

लँडिस भरल्या गळ्याने पुढे आला, वाकला, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तिच्या कानात ओरडला, “काकू! नर बोलला! अगदी जवळ! आला का ऐकू?”

“नाही रे,” ओझेल म्हणाली. “काय म्हणाला?”